किल्लीमावशी आणि नकाराचं कारण

आमची मावशी नाकावर माशी बसू देत नाही. नगरपालिकेच्या सभागृहाची किल्ली एकोणीस वर्षं तिच्या कमरेला आहे, म्हणून सगळे तिला किल्लीमावशी म्हणतात. त्या एका हॉलमध्ये आठवडाभर निरनिराळ्या पंथांच्या प्रार्थना होतात. कुणाला खुर्च्या गोलात हव्या असतात, कुणाला खुर्च्याच नकोत, सतरंज्या हव्यात. शनिवारी देव न मानणारे जमतात आणि सगळ्यांत जास्त चहा तेच पितात.

मावशी स्वतः पक्की भाविक. बुधवारी तिच्या पंथाची प्रार्थना असते, तेव्हा ती पहिल्या रांगेत डोळे मिटून बसते. आठ वाजले की आपल्याच लोकांना उठवून हॉल रिकामा करून घेते. मी एकदा म्हटलं, "पाच मिनिटं थांबलीस तर देव रागावेल का?"

"देव नाही, आठची वेळ घेतलेले रागावतील," ती म्हणाली.

एकदा एक शिंपी अर्ज घेऊन आला. तो आणि त्याच्या पंथाची अकरा माणसं त्याच्या दुकानात, शिलाई मशिनांच्या मधे अंग चोरून बसायची आणि शेजाऱ्यांच्या भीतीने कुजबुजत प्रार्थना करायची. गुरुवारची संध्याकाळ मोकळी होती. मावशीने अर्ज वहीत चढवला.

दुसऱ्या दिवशी सभागृह समितीचे अध्यक्ष आले. ते मावशीच्याच पंथाचे, त्यामुळे काम चुटकीसरशी होईल असं धरून आलेले.

"त्या शिंप्याला नाही म्हणून सांग."

मावशीने वही आणि पेन पुढे सरकवलं. "नकाराचं कारण तुमच्या हाताने लिहावं लागतं. बुधवारपर्यंत लिहिलं नाही, तर अर्ज मंजूर."

ही वही दाराशी टांगलेली असते, येणारा-जाणारा ती वाचतो. अध्यक्षांचं पेन हवेतच राहिलं.

"जागा नाही, असं लिहितो."

"लिहा की. शेजारी गुरुवारचा कोरा रकाना दिसेल तेवढा."

"अगं, तू आपल्यातलीच ना?"

"बुधवारी सहा ते आठ. बाकी वेळ मी सगळ्यांची नोकर."

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "तुझ्या यंदाच्या नेमणुकीचा कागद माझ्या टेबलावर आहे, विसरू नकोस."

"नाही विसरले. त्यावरही कारणाचा रकाना आहे."

ते पाय आपटत गेले. घरी मात्र मावशीने भाजीत दोनदा मीठ घातलं. "भीती वाटते गं," ती म्हणाली. "या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार?"

मी म्हटलं, "मग मूग गिळून गप्प बस ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खारट भाजी निमूट संपवली.

बुधवार गेला, वहीतला नकाराच्या कारणाचा रकाना कोराच राहिला. मावशीच्या नेमणुकीच्या कागदावरची सही पुढे पंधरा दिवसांनी झाली, पण त्या गुरुवारी ते कुणाला ठाऊक होतं? मावशीने ठरल्या वेळी दार उघडलं. शिंपी अवघडून म्हणाला, "मावशी, तुम्हीही बसा ना आमच्यात."

"नको बाबा. तुमचं मला काही म्हणजे काही पटत नाही."

ती स्टूल घेऊन दाराबाहेर बसली. आत बारा माणसं सवयीने कुजबुजायला लागली. मावशीने थोडा वेळ ऐकलं, मग दारातून डोकं आत घातलं.

"अहो, मोठ्याने म्हणा की. मी आहे दाराशी."