फक्कीनं आखलेली शेड

पुण्याची गाडी आमच्या फाट्यावर थांबते असं म्हणणं चूक आहे. ती जरा दमानं जाते, आणि तेवढ्यात माणसानं चढायचं असतं. मी चढले. आईनं माझी पिशवी खिडकीतून आत ढकलली आणि हात पटकन मागं घेतला. मला जवळ घेतलं नाही. शेडवरून कामाच्या मधूनच पळत आली होती ती. कोपरापर्यंत हात फटाक्यांच्या चंदेरी पुडीनं माखलेले, आणि माझा ड्रेस नवा. "खराब व्हईल," एवढंच म्हणाली. गाडी हलल्यावर मात्र सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडली, "तिकडं आमच्यावानी खाली मान घालून बसू नगंस! कुनी दाबाय लागलं तर बोलायचं!"

मी बोलले. तेव्हापासून मी दुसरं काही केलेलंच नाही.

हे लिहितेय ते गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींसाठी, आणि माझ्यासारख्या चालती गाडी पकडून गेलेल्यांसाठी. गावाचं नाव लिहीत नाही. वाशी तालुका, तेरखेड्याच्या बाजूला, एवढं पुरे. आईला अजून त्याच शेडमध्ये काम करायचंय.

पुण्यात मी एका छोट्या संस्थेत लागले. घरकाम करणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायांसाठी पत्रकं लिहायची, वाटायची, सभेला माणसं जमवायची. राहायला भोसरीत, तिघींत एक खोली. सुरुवातीला मी तोंड उघडलं की रूममेट हसायच्या. "लई" म्हटलं की पुन्हा म्हणायला लावायच्या, जसं काही मी त्यांच्या करमणुकीला आलेय. मग मी 'खूप' म्हणायला शिकले. मीटिंग, कॅम्पेन, अजेंडा, फॉलो-अप, सगळं शिकले. एकदा आईला फोनवर म्हटलं, या आठवड्यात माझं वर्कशॉप आहे. तर ती म्हणाली, "गाड्या दुरुस्त करतीस व्हय गं?" मी चिडले. आता वाटतं, आमच्या त्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत काय होतं, हे तिनं विचारायला हवं होतं.

पण पत्रक मला जमायचं. वर ठळक हाक, खाली मागण्या, शेवटी घोषणा. छापखान्यातल्या शाईच्या वासानं मला चढायची. चौकात उभी राहून "वाचा! वाचा!" करत पत्रकं वाटताना आपण जग हलवतोय असं वाटायचं, आणि कुणी न वाचता खिशात कोंबलं की त्याच्या मागं पळत जाऊन भांडावंसं वाटायचं. एकदोनदा गेलेही.

असं करता करता मी ठरवलं, आपल्या गावासाठी पत्रक काढायचं. आई फटाक्याच्या शेडमध्ये मी शाळेत होते तेव्हापासून जाते. कागदाच्या नळ्या वळणं, त्यात दारू भरणं, वात लावणं. मी चार पानी पत्रक लिहिलं. 'कामगार भगिनींनो, तुमचा जीव स्वस्त नाही!' आत कायदा, कलमं, मागण्या. संस्थेनं चांगल्या जाड कागदावर छापलं. दोन गठ्ठे एसटीनं आईकडं पाठवले, बायांना वाट म्हणून.

आईनं वाटले. अगदी सांगितल्याप्रमाणं, एकेकीच्या हातात.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा आमच्या ओट्यावर सुमनमावशी बसली होती. सुमनमावशी म्हणजे आमच्या शेजारची, शेडमधली सगळ्यात जुनी कामकरीण, आणि गावातली सगळ्यात लांब जीभ. मी विचारलं, "मावशी, पत्रक कसं वाटलं?"

"लई ब्येस!" ती म्हणाली. "कागद असा पायजे. रद्दीचा पेपर भसाभसा फाटतोय. तुज्या कागदाची नळी कशी घट बसती. अजून हाय का?"

तिनं पदराच्या गाठीतून एक रिकामी नळी काढून दाखवली. बाहेरच्या वेढ्यावर माझ्याच हाकेतले दोन शब्द होते. 'जीव स्वस्त.' पुढचं वळून आत गेलं होतं.

मी उभ्या उभ्या भाषण ठोकलं. तुम्हाला कळत नाही, तुमच्यासाठी आम्ही तिकडं रक्त आटवतो, तुम्ही असंच मरणार वगैरे. आई आतून म्हणाली, "हळू. आमाला ऐकू येतंय." सुमनमावशीनं मात्र सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "झालं का? आता मला एक सांग. तुजी आई शेडात कुठं बसती?"

मी आत आईकडं बघितलं.

"दाराला बसती का कोपऱ्यात? तिच्या म्होरं कोन हाय? बारदान कुठं ठिवत्यात?"

मला ठाऊक नव्हतं. लहान पोरांना शेडमध्ये घ्यायचे नाहीत, मोठी झाल्यावर मी शिकले, गेले. आईच्या जिवावर मी चार पानं लिहिली होती आणि आई कुठं बसते ते मला माहीत नव्हतं.

मग त्या दोघींनी सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात शेडच्या दारापाशी पूड सांडली होती, ती भप्पकन पेटली. विझली, कुणाला काही झालं नाही. पण जेवढा वेळ ती जळत होती तेवढा वेळ आतल्या सगळ्या बाया मागच्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, कारण शेडला दार एकच. आई सगळ्यात मागं, कोपऱ्यात. मला फोनवर त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. "तू तिकडं बेजार झाली असतीस," आई म्हणाली.

माझा पहिला विचार काय, तर नवं पत्रक! सुमनमावशीनं हातच जोडले. "नगं माय. मालकाला कागद लई येत्यात. गठ्ठ्यावर टाकतोय आन वर पानाचा डबा ठिवतोय. आमी सांगितलं न्हाय व्हय त्याला, दुसरं दार काढा म्हनून? तोंडानं सांगितलं. 'इतकी वर्सं झाली, काय झालं का?' म्हनतोय. घरची मान्सं बी तेच म्हनत्यात. त्यास्नी दिसतच न्हाय. बगितलीच न्हाय तर दिसंल कशी शेड?"

"मग दाखवू," आई म्हणाली.

माझ्या आईनं. जी सभेला कधी आली नाही. तेवढ्या दोन शब्दांवर सगळं सुरू झालं, आणि मला अजून ते आठवलं की बसवत नाही, उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात.

शेड मोजायची होती. टेप घेऊन गेलं तर मालकाला कळणार. मग झाडताना पावलं मोजायची ठरली. आईनं मोजली, सुमनमावशीनं मोजली, आणि दोघींचा हिशेब जुळेना. "तुजं पाऊल चिमनीचं!" "आन तुजं म्हशीचं!" दोन दिवस या भांडणात गेले. शेवटी सगळ्यांनी मिळून एकीचं पाऊल पक्कं केलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर एकेक बाई यायची आणि आपली जागा सांगायची. माझ्या डाव्या हाताला पोतं. माझ्या पाठीला भिंत. माझ्यापुढं नळ्यांचा ढीग, उठायचं तर आधी तो सरकवावा लागतो. मी वहीत लिहायला लागले तर म्हणाल्या, लिहू नकोस, ऐक. मी पेन ठेवलं. पुण्यात मी कितीतरी सभा घेतल्या होत्या. त्यात मी इतका वेळ गप्प कधी बसले नव्हते.

बाजाराच्या दिवशी शेडला सुट्टी असते. त्या सकाळी देवळापुढच्या पटांगणात बायांनी कबड्डीच्या मैदानाला टाकतात ती पांढरी फक्की घेतली आणि शेड आखली. खरीच्या खरी, तेवढीच लांब, तेवढीच रुंद. दाराच्या जागी रेघेत फट. दारूच्या जागी रिकामी पोती, नळ्यांच्या जागी ज्वारीची धाटं. आणि मग प्रत्येक बाई आपापल्या जागेवर जाऊन बसली.

कडेला गाव जमलं. नवरे, सासवा, बाजाराला निघालेली माणसं. "काय, नाटक हाय का?" "न्हाय, कबड्डी! बायांची!" हसाहशी चाललेली. मालकही आला. तो गावातलाच, पायात पांढरी चप्पल, स्वभावानं वाईट नाही. मुद्दाम सांगते, कारण माझ्या पत्रकात तो राक्षस होता. तो एका खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चालू द्या, आमी बी बगतो."

मी रेघेबाहेर मोबाईल धरून उभी. व्हिडिओ करायचा, पुण्याला दाखवायचा. तेवढ्यात सुमनमावशी आतून ओरडली, "कमल तापानं पडलीया. तिची जागा रिकामी हाय. ठिव तो मोबाईल आन ये!"

कमलची जागा आईच्या शेजारी. मी वाकून, पोतं चुकवून, दोघींच्या पायांवरून जाऊन बसले. आणि तिथून मला पहिल्यांदा दार दिसलं. दिसलं म्हणजे दिसलंच नाही. मध्ये इतकी डोकी होती.

"लागली!" सुमनमावशी किंचाळली.

नियम एकच. रेघेवर पाय पडला तर तुम्ही भिंतीला धडकलात, म्हणजे खाली बसायचं. सगळ्या उठल्या. पुढच्या पाच-सहाजणी निघाल्या. मग एकीचा पाय धाटांत अडकला, तिच्यावर दुसरी, आणि फट बंद. कडेची माणसं आधी हसत होती, मग "सरक! सरक!" करायला लागली, मग मोजायला लागली, मोठ्यानं, एक, दोन. सहावर मोजणी अडली, कारण आम्ही बाकीच्या आतच होतो. आई उठलीच नव्हती. मी तिचा दंड ओढत होते आणि ती बसून होती.

"ऊठ की आई!"

"उटून कुठं जाऊ?" तिनं विचारलं. नाटकातलं नव्हतं ते. तिनं खरंच विचारलं.

कडेला माझा बाप उभा होता. बाजाराची पिशवी हातात. तो आईशी कधी शेडबद्दल बोलला नसेल. तो रेघेपर्यंत आला, चप्पल काढली, काय करावं ते कळेना म्हणून तसाच उभा राहिला.

मालक म्हणाला, "आता बाया मुद्दाम हळू पळाल्या तर..."

"मग तुमी बसा, मालक," सुमनमावशी म्हणाली. "हिच्या जागंवर. आन पळा जोरात."

गाव बघत होतं, नाही कसं म्हणणार? बसला. आईच्या जागी, मांडी घालून. बाया आपापल्या जागी. "लागली!" मालकाला मांडीतून उठायलाच वेळ लागला, उठेपर्यंत पुढं सगळ्या पाठीच पाठी. त्यानं एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. आणि कडेवरून त्याची बायको भान विसरून ओरडली, "अवो, भाईर या की! अवो!"

तो आतच राहिला. धापा टाकत, धाटांत. कुणी हसलं नाही.

मग तो म्हणाला, "दार कुठं काढायचं म्हनता?" आणि स्वतःच एका भिंतीकडं बोट केलं, जिथं गवंड्याला सोपं पडेल तिथं. तर आठ-दहा बाया एकदम, "तिथं न्हाय! तिकडं वाळत घातलेला माल असतोय! आगीतून निगून त्यात जायचं व्हय?" आणि आईनं चालत जाऊन मागच्या भिंतीच्या रेघेवर पाय फिरवला, फक्की पुसली. "हितं," म्हणाली.

मी नाचले. खोटं कशाला सांगू, देवळापुढं सगळ्यांसमोर नाचले.

दार लगेच झालं नाही. मालक पाऊस सरू दे म्हणाला, मग गवंडी मिळत नाही म्हणाला. बायांनी भांडण केलं नाही. दर बाजाराच्या दिवशी पटांगणात शेड पुन्हा आखली, दाराच्या ठिकाणी पुसली, आणि आपापल्या जागी गुमान बसून राहिल्या. येणारा जाणारा मालकाला विचारायला लागला, दाराचं काय झालं? एवढा चौकशीचा जाच कुणाला सोसतो? शेवटी भिंत फोडली. दार बाहेर उघडणारं बसवलं. तेही बायांनीच सांगितलं होतं, माझ्या चार पानांत ते नव्हतं.

तरी माझा राग जात नाही. जाऊही नये. एका दारासाठी गावासमोर आपलं मरण करून दाखवावं लागतं, ही कुठली रीत? कायद्यात जे आहे ते मिळवायला बायांनी धाटांत का पडायचं? हे मी विचारत राहणार. फक्त आता विचारताना माझ्या हातात आधी पत्रक नसतं. भोसरीच्या एका पॅकिंगच्या ठिकाणी परवा गेले तर पहिल्यांदा खडू काढला आणि म्हटलं, तुम्ही बसता कुठं ते दाखवा. तासभर मी बोलले नाही. संस्थेतल्या सरांना वाटलं, मला बरं नाही.

आणि घर? निघाले तेव्हा वाटायचं, घर म्हणजे जिथलं सगळं मला पाठ आहे, जे सोडून आलं की तिथंच तसंच राहतं. कुणी विचारलं तर डोळे झाकून सांगेन. तुम्हीही, जे निघून आलात, असंच समजत असाल. एकदा विचारून बघा. माझ्यासाठी आता घर म्हणजे जिथलं मला विचारावं लागतं. पूर्वी फोनवर मी म्हणायचे जेवलीस का, ती म्हणायची जेवले, संपलं. आता मी विचारते, "आज कुठं बसलीस?" कारण बायांनी जागा फिरत्या ठेवल्यात, रोज कुणी कोपऱ्यात, कुणी दाराला.

काल म्हणाली, "आज परत कोपऱ्यात. माजी पाळी होती. सुमन म्हनली, चल बदलू, म्या न्हाय म्हनले. तिचं गुडगं दुकत्यात, तिला दार पायजे." आणि फोन ठेवता ठेवता, "वारं येतंय गं आता कोपऱ्यात."