पीटीच्या बाईंची गोळी

"पाठ ताठ."

काकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलेच शब्द. ओळखदेख काही नाही. २०२० सालचा एप्रिल, डब्लिनच्या दक्षिणेला चेरीवूडजवळची आमची इमारत, आणि सहा तास लॅपटॉपपुढे बसून पाय मोकळे करायला खाली उतरलेला मी. समोरून एक बाई आल्या. साडीवर जावयाचं जॅकेट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. दोन मीटरवर थांबल्या, कमरेवर हात ठेवले आणि मला सरळ उभं केलं.

शाळेतून निवृत्त झाले तरी मैदानातून बाहेर न आलेले असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. नागपुरात मुलींच्या शाळेत काकूंनी एकतीस वर्षं पीटी शिकवलं होतं. मुलीच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीत आल्या आणि विमानं बंद झाली. मग त्यांनी आमच्या पार्किंगचंच मैदान केलं. मला रोज पंधरा फेऱ्या. थांबलो की शिट्टी.

"दम लागून राहिला? काहून? वय काय तुझं?"

"एकेचाळीस."

"माझ्या नववीतल्या पोरी बऱ्या."

काकूंना वीस वर्षांपासून मधुमेह होता. शाळेला मिळालेल्या ढालीसारखा त्या तो सगळ्यांना सांगत. मलाही तीन वर्षांपासून होता. मी मात्र तो कुणाला सांगत नव्हतो. स्वतःलाही फारसा नाही.

सप्टेंबरात त्यांचे घोटे सुजले. बुटांची नाडी बांधता येईना. मुलीच्या हातात तान्हं बाळ, जावई दिवसभर कॉलवर. म्हणून डॉक्टरकडे मी नेलं, दुभाषा म्हणूनही. जाताना गाडीत त्या गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. "नागपूरहून दुखण्याच्या गोळ्या भरपूर आणल्या मी. रोज सकाळी एक घेते, म्हणून तर पळते." मग दाराच्या कप्प्यात त्यांना माझ्या गोळ्यांची पट्टी दिसली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली.

"ही तर माझीच शुगरची गोळी."

मी सिग्नलकडे पाहत राहिलो.

डॉक्टरबाई मृदू होत्या. बीपी पाहिलं, रक्त घेतलं, आणि काकूंनी सकाळी बाटलीत भरून आणलेली लघवी तपासणीला ठेवून घेतली. मग विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेता का?

"सांग, कधीतरी," काकू मला म्हणाल्या.

मी इंग्रजीत सांगितलं, "रोज."

एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंना तेवढं इंग्रजी येत होतं. मास्कच्या वरून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानं मी नववीत जाऊन बसलो. डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं: मधुमेहात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, अशा गोळ्या रोज घेतल्या की तो वाढतो, आणि ती बिचारी दुखत नाहीत, त्यामुळे पुष्कळ बिघडेपर्यंत काही कळतच नाही. या गोळ्या आजपासून बंद.

 मग काकू माझ्याकडे बोट दाखवून स्वतःच्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही आल्सो शुगर. नॉट टेलिंग."

पुढच्या आठवड्यात माझीही बाटली तिथे गेली.

तीन दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. शिट्टी नाही, फेऱ्या नाहीत. चौथ्या दिवशी दारात उभ्या राहिल्या आणि प्लास्टिकची एक पिशवी पुढे केली. आत सगळ्या गोळ्या.

"औषधाच्या दुकानात देऊन ये. घरात राहिल्या तर मी घेईन." मग म्हणाल्या, "गुडघे लई दुखतात रे. मुलीला वाटेल, आई आता बाळाला उचलू शकत नाही."

तेव्हा पहिल्यांदा मला त्यांची पाठ थोडी वाकलेली दिसली.

त्यांचा रिपोर्ट आला. लघवीतून प्रथिनं जात होती आणि मूत्रपिंडांचं काम थोडं मंदावलं होतं. मग माझा आला. माझीही जात होती, कमी, पण जात होती. "वेळेवर आलात," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. काकूंनी काचेवर टकटक केली.

"किती?"

मी आकडा सांगितला.

"माझ्यापेक्षा कमी. दुसरा नंबर. उतर खाली."

हिवाळाभर आम्ही दोघं चाललो. त्या गुडघ्यांना पट्टे बांधून हळू, मी त्यांच्या चालीनं. बीपीची गोळी सुरू झाली, लोणचं आणि पापड मुलीनं वरच्या कपाटात ठेवले, त्यांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. काकू खुर्ची लावून एकदा चढल्याही; नातीनं पाहिलं आणि ती रडली, म्हणून उतरल्या. पुढच्या तपासणीत त्यांची गळती कमी झाली होती आणि बाकीचं होतं तिथेच थांबलं होतं. "थांबलं म्हणजे पास," त्या म्हणाल्या. माझी जवळजवळ बंद झाली होती.

२०२१च्या शरदात विमानं सुरळीत झाली आणि काकू गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एकटा फिरत होतो. शेजारच्या इमारतीतले एक आयरिश आजोबा कुत्रा घेऊन आले. आमचं बोलणं हवामानापलीकडे कधी गेलं नव्हतं.

"तुझ्याबरोबरच्या बाई कुठे?"

"घरी गेल्या. भारतात."

ते थोडे खट्टू झाले. म्हणाले, त्यांना सांगशील का, गुरुवारी माझी लघवीची तपासणी आहे म्हणून? त्या महिनाभर माझ्या मागे लागल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण काय म्हणताहेत ते कळत होतं.

सांगतो, असं मी म्हणालो. कुत्र्यानं दोरी ओढली. आजोबा खांदे मागे घेऊन, अगदी सरळ चालत निघून गेले.