जोडवं आणि रोमचं नाणं

दुष्काळात ऊस वाळला, सहकारी कारखाना बंद पडला, तेव्हा तिथला एक फिटर धातू लागला की ओरडणारं, स्वतः जुळवलेलं यंत्र घेऊन माजलगावकडच्या आमच्या टेकाडावर आला. तिथं उत्खननवाले साहेब पूर्वीच्या व्यापारात आलेली रोमची नाणी शोधत होते. यंत्र ओरडलं की त्यानं नुसती झेंडी रोवायची, उकरायचं साहेबांनी. बैलाचा नाल निघाला तरी तो टोपीनं पुसून म्हणायचा, "कुणीतरी लई हुडकला असंल."

मी तिथं माती वाहायला होते. नवी नवरी, डोकं तेव्हा फक्त पाटी ठेवायला होतं. एक दिवस पायातलं जोडवं मातीत पडलं, आणि सासू शेजारीच पाट्या भरत होती.

"भाऊ, तेवढं गुपचूप हुडका," मी त्याला म्हणाले.

गुपचूप! यंत्र बोंबललं, साहेब धावले, कुंचल्यानं माती झाडत बसले. निघालं माझं जोडवं. सासूनं सगळ्यांसमोर माझ्या माहेराचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी खरंच रोमचं नाणं निघालं. साहेब नाचायला लागले. हा मात्र टोपी हातात घेऊन हळहळला, "ज्याचं हरवलं त्या बिचाऱ्याला घरी लई बोलणी बसली असतील."

सासू पदरात तोंड खुपसून हसली. आता माझ्या सुनांचं काही हरवलं, की मला तो रोमवाला आठवतो. त्यांना बोलते मी, तरीपण.