एकेचाळीस नंबरचं पिल्लू

खोकेवाली मावशी घरी आली, पण बसायचं नाव नाही. खुर्ची पुढे केली तर खुर्चीभोवतीच घिरट्या. पक्ष्यांच्या संशोधन केंद्रात ती तेरा वर्षं रोजंदारीवर आहे. झाडांवर टांगलेली घरट्यांची लाकडी खोकी उघडायची, पिल्लं मोजायची, त्यांच्या पायांत रंगीत कडी घालायची.

दाण्याच्या डबीचं झाकण काही पाखरं चटकन सरकवतात, काही नुसती बघत बसतात. हे रक्तातून येतं की संगतीनं? हे बघायला यंदा केंद्रातल्या मॅडमनी मठ्ठ जोडप्यांची पिल्लं हुशारांच्या घरट्यात ठेवली आणि हुशारांची मठ्ठांकडे. अदलाबदल मावशीच्या हातची.

"एकेचाळीस नंबरचं पिल्लू मी त्याच संध्याकाळी गुपचूप परत खऱ्या आईकडे ठेवलं," मावशी म्हणाली. "उपाशी होतं गं. नवी आई ढुंकून बघेना. वहीत नाही लिहिलं."

"बरं, मग?"

"मग काय! आता तेच सगळ्यांत आधी झाकण उघडतंय. मॅडम नुसत्या नाचतायत. उद्याच्या बैठकीत साहेबलोकांपुढे सांगणार, मठ्ठाचं पिल्लू हुशारांत वाढून शिकलं."

मला तर हेच हवं होतं. 'तुमच्या रक्तातच अभ्यास नाही' असं आमच्या वस्तीतल्या पोरांना ऐकवणाऱ्या मास्तरांशी मी वीस वर्षं भांडतेय.

"तोंड शिवून बस," मी म्हणाले. "नोकरीही वाचेल."

"मोर्च्यात खऱ्यासाठी घसा फोडतेस ती तूच ना?"

झोंबलं मला. "जा, सांग! आणि उद्यापासून बस घरी!"

सकाळी मात्र राहवेना. केंद्रावर पोचले तर मावशीनं सांगून टाकलेलं; वही उघडी, एकेचाळीसवर लाल रेघ, मॅडमचा चेहरा उतरलेला.

"आणखी किती हलवलीत, मावशी?"

"एवढंच एक."

"कशावरून?"

मीच मध्ये घुसले. "मठ्ठांच्या घरी वाढून शिकलं, हे तर त्याहून भारी!"

"एका पिल्लावरून काहीच म्हणता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "बाहेर इतकी पाखरं उडतात, कुणाचं बघून शिकलं कुणास ठाऊक. आजची बैठक रद्द. मावशी, तुम्ही कामावर या. पण यापुढे पिल्लं हलवताना सोबत दुसरं कुणीतरी असेल."

तेरा वर्षांच्या हातांवर पहारा! मी टेबलावर मूठ आपटणार, तोच मावशीनं मनगट धरलं.

"गप गं. त्यांच्या जागी मी असते तर मीही पहारा ठेवला असता."

शिडी खांद्यावर टाकून ती ताडताड निघाली. सोबतीला दिलेली नवी बाई मागून धापा टाकत आली. पहिल्या झाडाशी मावशीनं शिडी टेकवली आणि बाजूला सरकली.

"चढ. आधी तू मोज, मग मी. जुळलं तरच वहीत."