लाथ न झाडता डोक्यावर

सोफेवाला वरच्या मजल्यावर गेला होता तो भांडायला. वर व्यायामाचा कसलातरी वर्ग चालायचा आणि छताची धूळ त्याच्या दुकानातल्या नव्याकोऱ्या मखमलीवर पडायची. दार उघडून बघतो तर चांगली धडधाकट माणसं जमिनीवर रांगत होती आणि रांगता रांगता अलगद डोक्यावर उभी राहत होती. भांडण घशातच राहिलं. दुसऱ्या दिवशी पन्नाशीचा हा गडी, पोटासकट, रांगायला हजर.

रांगणं झकास जमलं. जन्म सोफ्याखालीच गेला होता. घोडं अडलं पुढं. तळवे टेकायचे, डोकं टेकायचं, पावलं जवळ आणत कंबर वर न्यायची आणि पाय आपोआप हलके होईपर्यंत थांबायचं. थांबणं याच्या रक्तातच नव्हतं. सोफ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली ती तडकाफडकी, दुकान घेतलं तेही बायकोला न विचारता. इथंही तो लाथ झाडून वर जायचा आणि धाडकन पलीकडे पडायचा. एकदा शेजारी रांगणाऱ्या बँकेतल्या कारकुनाचा चष्मा गेला. घरी सराव करताना शिलाई मशीन आडवं झालं, तेव्हा बायकोनं निक्षून सांगितलं की हा तमाशा बंद. मान मोडली तर जन्मभर भरवत बसायला ती रिकामी नव्हती.

त्यानं चक्क गयावया केली. आयुष्यात पहिल्यांदाच तो काहीतरी नुसतं आवडतं म्हणून करत होता. ते सुटणार म्हटल्यावर त्याला रडूच यायला लागलं. बायको म्हणाली, एकदा बघते, मग ठरवते.

शिकवणाऱ्या मुलीनं तिला भिंतीकडेला खुर्ची दिली. ती बसली नाही. नवऱ्यानं रांगत येऊन डोकं टेकलं, तशी ही त्याच्या पावलांमागे अगदी खेटून मांडी घालून बसली. लाथ झाडली असती तर थेट तिच्या तोंडावर. मुलीनं विनवलं, पण काकू ढिम्म हलल्या नाहीत.

त्याला दरदरून घाम फुटला. पावलं हळूहळू पुढं आली, कंबर वर गेली. अंगठे फरशीला चिकटलेलेच. तो थांबला. मग अंगठे सुटले, गुडघे पोटाशी आले आणि पाय सावकाश वर गेले. सदरा तोंडावर, पोट उघडं, पण गडी उभा. तसाच सावकाश खाली उतरला.

"आणि लाथ बसली असती म्हणजे?" धापा टाकत त्यानं विचारलं.

"आजवर तुमची प्रत्येक उडी माझ्याच अंगावर आलीय," ती म्हणाली. "उडी मारायच्या आधी मी तिथं आहे हे एकदा तरी तुमच्या ध्यानात येतं का, एवढंच बघायचं होतं. रांगा उद्यापासून."