रुमालाची जागा

धुळ्याच्या कोर्टात मी पाणी भरायचे, तेव्हाची ही बाई. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती दोंडाईच्याकडून पहिल्या एसटीने यायची. बाकावर बसली की शेजारी रुमाल टाकायची, एसटीत जागा धरतात तसा.

शिपाई हसायचा. "अक्का, हे कोर्ट शे, एसटी नही."

"मनी पोरनी जागा शे, भाऊ." पोर मात्र घरीच असायची.

सुट्टीवर आलेल्या गावच्याच फौजीने पोरीवर जबरदस्ती केली होती. आता पलटणीचा कागद आला होता, की आमचा माणूस आमच्याकडे द्या, खटला आम्ही छावणीत चालवू. जज्जसाहेब काय ठरवतात, ते ऐकायला ती प्रत्येक तारखेला यायची.

एकदा पाण्याचा तांब्या परत देताना ती म्हणाली, "तठे छावणीमा बठ्ठा वर्दीवाला, त्यानाच भाऊबंद. मनी पोर कोनाकडे देखीसन सांगी, माय?"

पोर कोणाकडे बघून सांगेल, हे ती मलाच विचारत होती; मी नेहमीसारखी मान खाली घातली.

शेवटी खटला धुळ्यातच चालवायचा असं ठरलं. पुढच्या तारखेला पोर आली. बाईने रुमाल उचलला आणि तिला तिथे बसवलं. पुकारा झाल्यावर, पोरीची साक्ष बंद दाराआड व्हायची म्हणून, सगळ्यांना बाहेर काढलं, आईलाही. साहेबांचं पाणी ठेवायला मी आत गेले, तेव्हा पोर पिंजऱ्यात उभी राहून इकडेतिकडे बघत होती. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. साहेब मला जा म्हणाले नाहीत. ती बोलायला लागेपर्यंत मी तिथून हलले नाही.