भाऊजींची बुरशी

भंडारा जिल्ह्यात स्वतःच्या अपमानापेक्षा बुरशीच्या अपमानाने जास्त पेटणारा माणूस एकच आहे, आणि आम्ही आमची ताई नेमकी त्याच्याच घरी दिली. भाऊजी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. हिरव्यागार, धडधाकट पानाच्या आतही बुरशी राहते आणि तिच्या रसात बकऱ्यांच्या पोटातल्या जंतांवर औषध सापडेल, एवढ्यासाठी त्यांनी ताईचा अर्धा फ्रिज बळकावला आहे. पान स्पिरिटने धुवायचं, कापायचं, काचेच्या बशीत ठेवायचं, आणि आतून काय उगवतं याची वाट बघत बसायचं. एकदा जेवताना मी सहज म्हणालो, "म्हणजे पान आतून खराबच की!" भाऊजींच्या हातातला घास ताटात पडला. "भाडेकरू ठेवला म्हून घर खराब होते का? काहीही बोलून राहिले तुमी!" वरण निवेपर्यंत मी बुरशीची माफी मागत होतो.

बरं, औषध तपासायला जिवंत जंत लागतात, आणि ते मिळतात ताज्या कापलेल्या बकऱ्याच्या पोटात. म्हणून कांदासुद्धा न खाणारा हा माणूस दर रविवारी कोमट मिठाच्या पाण्याचा थर्मास घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा! गावभर झालं, सर लपून मटण खातात. चारचौघांत ऐकून घ्यायचं मी. शेवटी चिडून म्हटलं, "खरं काय ते सांगून का टाकत नाही?"

"कायले सांगू? मटण खातो म्हनतीन त म्हनू दे. झाडाचं समजलं त सारे पानं ओरबाडून नेतीन."

झाड म्हणजे कारधा गावाजवळच्या एका बांधावरचा ऐन. त्याच्या पानातल्या बुरशीच्या रसात जंत खरोखरच गार पडले होते. ताईने त्या दिवशी शिरा केला. पण ती बुरशी बशीत पुन्हा पुन्हा वाढवल्यावर तिच्या रसातली ताकद गेली. जंत मजेत वळवळू लागले. दुसऱ्या कुठल्या ऐनात ती सापडेना. म्हणून ताजी पानं आणायला आम्ही दोघं गेलो, तर बांधावर नुसता बुंधा.

"कोनी तोडला?" भाऊजी शेतमालकावर कडाडले. "बकऱ्यांच्या जंताचं औषध होतं त्याच्यात!"

"सावलीनं धान येत नव्हतं जी," तो बिचारा म्हणाला. "तुमी दोन वर्सं पानं नेत होते, मले वाटलं पूजेले नेता. माह्याबी बकऱ्या पोटाच्या बिमारीनंच मरतेत ना सर. सांगतलं असतं त मी कायले तोडलो असतो?"

भाऊजी बुंध्याशेजारी मातीत बसले आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगू लागले, दोन वर्षांपूर्वी सांगायचं ते. तो माणूस मन लावून ऐकत होता. पानांसाठी आणलेली रिकामी पिशवी धरून मी शेजारी उभा होतो. भाऊजींना चांगलं झापायचं ठरवलं होतं, पण ती पिशवी अंथरून मीही त्यांच्या शेजारी बसलो.